सेफ्टी टँकमधली सेफ्टी

आपल्या खान्देशात सेप्टिक टँकला सेप्टिक टँक कोणी म्हणत नाही. जळगावला जा नाहीतर धुळ्याला, गवंड्यापासून घरमालकापर्यंत सगळे त्याला 'सेफ्टी टँक' म्हणतात. मीही सेकंड इयरपर्यंत तसंच म्हणायचो. थर्ड इयरला याच टाकीवर मिनी प्रोजेक्ट केला, तेव्हा कळलं की इतकं खोटं नाव दुसऱ्या कुठल्या टाकीला नसेल. त्या प्रोजेक्टची ही गोष्ट. मेसला निघाला असाल तर जेवून या, मग वाचा.

तर झालं असं, की पावसाळ्यात आमच्या हॉस्टेलच्या मागची टाकी ओसंडून वाहायची. आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती पाणी पिणंच बंद करते. शोषखड्डा तुंबला की टाकी तुंबते, आणि मग मागच्या विंगच्या पोरांना खिडकी उघडायची सोय राहत नाही. रेक्टर सर म्हणाले, "तुम्ही इंजिनियर ना? टाकी भरायच्या आधी सांगणारं काहीतरी बनवा." आम्ही लगेच हो म्हटलं. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला असतं तेच सर्किट करायचं ठरलं. पीव्हीसी पाइपवर स्टीलचे चार बोल्ट, पाव, अर्धं, पाऊण आणि फुल्ल. पाणी बोल्टला टेकलं की करंट जातो, ट्रान्झिस्टर चालू, एलईडी चालू. खर्च दोनशे रुपयेसुद्धा नाही.

पहिल्याच संध्याकाळी तीन दिवे लागले. नवव्या दिवशी चौथाही लागला. आम्ही छाती फुगवून सरांना रिपोर्ट दिला. मैला उपसणारी सक्शनची गाडी आली, चार-पाच खेपा झाल्या, टाकी रिकामी झाली. बोर्डावर बघतो तर चारही दिवे तसेच चालू! टाकी रिकामी आणि सेन्सर म्हणतोय फुल्ल.

मी विचार केला, बोल्टला घाण चिकटली असेल, पुसून टाकू. हातात फडकं घेतलं, मॅनहोलपाशी गुडघे टेकले आणि खाली वाकलो. तेवढ्यात गाडीवरच्या काकांनी शर्टाची कॉलर धरून मला मागे ओढलं. "मांगे सरक रे भो, डोकं मझार नको टाकू!" मला राग आला. वास तर फारसा येतही नव्हता. काका म्हणाले, वास येत नाही तेव्हाच जास्त भ्यायचं. मला ती अडाणी माणसाची समजूत वाटली. रात्री लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं आणि झोप उडाली. अडाणी कोण होतं ते समजलं.

मित्रांनो, या टाकीत हवा नसते, म्हणून तिथले जिवाणू ऑक्सिजनशिवाय काम करतात. मैला कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. मिथेनचं हवेतलं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं तर एक ठिणगी पुरते. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे आपल्या केमिस्ट्री लॅबमधला सडक्या अंड्याचा वास. त्याचा रेणुभार ३४ आणि हवेचा सरासरी २९, म्हणून तो तळाशी साचून राहतो. दहा लाख भागांत एक भागसुद्धा नसला तरी आपलं नाक त्याला ओळखतं. पण १०० भागांच्या आसपास गेला की हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. पुढे ५०० ते १००० भागांत माणूस काही श्वासांत बेशुद्ध पडतो. म्हणजे नाक हाही एक सेन्सरच, आणि तो नेमका धोक्याच्या वेळी बंद पडतो. शिवाय गाळ स्थिर असेपर्यंत त्यातला वायू अडकून असतो. गाळ ढवळला की भसकन बाहेर येतो. मी वाकलो होतो ते नेमकं उपशानंतर, गाळ ढवळून झाल्यावर.

पेपरात अशा बातम्या येतात. एक जण टाकीत उतरला, पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा. दुसरा आणि तिसरा हे बहुधा भाऊ, मुलगा नाहीतर सोबतचा कामगार असतात. म्हणून पहिला नियम पाठ करा: आत पडलेल्याला काढायला आपण उतरायचं नाही. अग्निशमन दलाला बोलवायचं, तोवर झाकण उघडं ठेवायचं आणि माणसं लांब ठेवायची. हे लिहिताना हात जड होतो, पण दुसरा मार्ग नाही.

कायदाही हेच सांगतो. २०१३ च्या कायद्याने, सुरक्षा साधनं आणि ठरवून दिलेली काळजी न घेता कोणाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी उतरवणं हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सुप्रीम कोर्टाने मार्च २०१४ मध्ये दिला होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. तेव्हा "पाचशे रुपये जास्त घे, पण उतरून नीट साफ कर" असं म्हणणारा माणूस गुन्हा करतोय, मग तो घरमालक असो, सोसायटी असो की हॉस्टेल.

आता सेन्सर खोटं का बोलला? मैल्यातली चरबी, साबण आणि कागदाचा लगदा यांचा ओला थर पाइपवर बसतो. तो थर वीज वाहून नेतो. पाणी खाली गेलं तरी एका बोल्टपासून दुसऱ्या बोल्टपर्यंत करंट त्या थरातूनच जात राहतो. त्यात आम्ही डीसी सप्लाय दिला होता, त्यामुळे बोल्टवर इलेक्ट्रोलिसिस होऊन गंज आणि क्षार चढले. अमेरिकेत घर बांधलेल्या गाड्या असतात, मोटरहोम. त्यांच्या पोटाखाली मैल्याची वेगळी आणि धुण्या-भांड्यांच्या पाण्याची वेगळी टाकी असते. तिथेही टाकीच्या भिंतीत असेच बोल्ट असतात आणि तिथेही टाकी रिकामी करून आल्यावर दिवा फुल्लच दाखवतो. त्यावर त्यांचा उपाय सोपा आहे. टाकीत आधीच थोडं पाणी सोडून ठेवायचं, फ्लशला पाणी भरपूर वापरायचं आणि प्रत्येक वेळी रिकामी केल्यावर टाकी आतून फवाऱ्याने धुवायची. धुतात तेही बाहेरून.

पण आमची खरी चूक पुढेच होती. व्हायव्हाला सरांनी एकच प्रश्न विचारला. "सेप्टिक टँक रिकामी कधी असते?" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. उत्तर आहे: कधीच नाही. मोटरहोमची टाकी बंद डबा आहे, ती भरत जाते. सेप्टिक टँकला बाहेर जायचा पाइप असतो. पाणी त्या पाइपाच्या पातळीला येऊन थांबतं, आणि जेवढं आत येईल तेवढंच बाहेर जातं. टाकी उपसली तरी आठवडाभरात पुन्हा त्याच पातळीला येते. पहिल्या संध्याकाळी लागलेले तीन दिवे खरंच बोलत होते, फक्त त्याचा अर्थ 'टाकी व्यवस्थित चालू आहे' असा होता. आम्ही हॉस्टेलचे पैसे खर्च करून चार-पाच खेपा बहुतेक पाणीच उपसलं.

मग मोजायचं काय? टाकीत तीन थर असतात. वर तरंगणारी साय, मध्ये पाणी, तळाला गाळ. साय आणि गाळ वाढत जातात आणि मधल्या पाण्याची जागा खातात. दोघांनी मिळून एक तृतीयांश खोली व्यापली की उपसा करायचा. नाहीतर गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा कायमचा बुजतो. आमची टाकी २४,००० लिटरची, राहणारे १२०. माणशी वर्षाला ४० लिटर गाळ धरा. वर्षाचा झाला ४,८०० लिटर. टाकीचा एक तृतीयांश म्हणजे ८,०००. भागाकार केला तर साधारण २० महिने. साधारण २ ते ३ वर्षांनी उपसा करा असं सांगतात, पण तो टाकीच्या मापात माणसं बसवली असतील तर. साठ पोरांसाठी बांधलेल्या टाकीवर एकशेवीस पोरं बसवली की दिवस निम्मे होतात.

गाळ मोजायला लांब काठी पुरते. काठीच्या खालच्या भागाला पांढरं टॉवेलचं कापड गुंडाळायचं, तळापर्यंत हळूच टेकवायची, थोडं थांबून वर काढायची. कापडावर गाळाची काळी रेघ दिसते. हे काम विद्यार्थ्यांनी करायचं नाही. माहितगार माणसाने, सोबत दुसरा माणूस ठेवून, झाकण आधी बराच वेळ उघडं ठेवून, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून करायचं. बिडी-काडी लांब.

सेन्सर हवाच असेल तर एक फ्लोट स्विच बास आहे. तो बाहेर जायच्या पाइपाच्या थोडा वर टांगायचा. फ्लोट उचलला गेला म्हणजे पुढे कुठेतरी तुंबलंय, एवढं तो सांगतो. वायर अशी बांधायची की साफ करायला फ्लोट वर ओढून घेता येईल, आपल्याला आत वाकावं लागणार नाही. दर महिन्याला ओढून, हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने धुवायचा आणि हाताने उलटा करून अलार्म वाजतो का ते बघायचं. रिले, जोड, स्विच टाकीत ठेवायचे नाहीत, कारण ठिणगी आणि मिथेनचं नातं वर सांगितलंच आहे. वायरचा पाइप सील करायचा, नाहीतर वायू त्यातून थेट पॅनलमध्ये येतो. तिथे हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळं करतो आणि सर्किट मरतं.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो. संडास दर दोन दिवसांनी ॲसिड ओतून चकाचक केला की टाकीतले जिवाणूही चकाचक होतात. ब्रश आणि थोडं साबण पुरे. जिवाणूंची पावडर विकत आणायची गरज नाही, जिवाणू मैल्याबरोबर रोज येतातच. उपसा करतानाही तळाचा थोडा गाळ ठेवतात तो विरजणासाठी. मेसचं पाणी या टाकीत सोडायचं नाही. शेवभाजीच्या तर्रीचं तेल गार झालं की पाइपात मेणासारखं बसतं, त्यासाठी चरबी अडवणारी छोटी टाकी वेगळी हवी. आणि पुड्या, बाटल्या, ब्लेड, पॅड, कापड संडासात टाकायचं नाही.

शेवटचा मुद्दा भुसावळला गाडी पकडणाऱ्या प्रत्येकासाठी. डब्याखाली स्टीलची टाकी दिसते ना, ती बायो-टॉयलेटची. रेल्वे आणि डीआरडीओने मिळून ती आणली. तिच्यातही ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणूच काम करतात. २०१७ च्या कॅगच्या अहवालात त्या टाक्यांची सगळ्यात मोठी तक्रार तुंबण्याची होती. जिवाणू मैला पचवतात, गुटख्याची पुडी पचवू शकत नाहीत. ती पुडी कोणत्यातरी यार्डात कोणीतरी हाताने काढतो.

आमच्या प्रोजेक्टला मार्क बरे मिळाले. रिपोर्टच्या शेवटी आभार मानतात तिथे आम्ही गाईड सर, एचओडी सर, लॅब असिस्टंट सगळ्यांची नावं लिहिली. गाडीवरच्या काकांचं नाव विचारायचंच राहून गेलं होतं. ज्यांनी कॉलर धरून ओढलं नसतं तर हा लेख लिहायला मी राहिलो नसतो, त्यांचं. पुढच्या वेळी गाडी आली की आधी चहा द्या, नाव विचारा, आणि ते मागे सरक म्हणाले की मुकाट्याने मागे सरका.