उणे आठ दिवसांचे गणित

‘धंद्यात नफा झाला’ आणि ‘हातात पैसा आला’ ही दोन वाक्ये आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्यांत पुष्कळ अंतर आहे. नफा हिशेबाच्या वहीत दिसतो. पगार, भाडे आणि विजेचे बिल मात्र रोख पैशांतूनच द्यावे लागते. हा विषय वाणिज्य शाखेचा, असे कोणी म्हणेल. पण अर्थशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने मला तो केवळ हिशेबाचा वाटत नाही. कोणाचा पैसा कोणाकडे किती दिवस अडकून राहतो, हा प्रश्न अखेर माणसामाणसांतील व्यवहाराचा आहे.

धंदा रोज चालता ठेवण्यासाठी जो पैसा माल आणि उधारी यांत गुंतून पडतो, त्याला खेळते भांडवल म्हणतात. तो किती काळ गुंततो, हे मोजण्याची रीत सोपी आहे. माल किती दिवस पडून राहतो ते पाहावे. त्यात विकलेल्या मालाचे पैसे येण्यास लागणारे दिवस मिळवावेत. आणि पुरवठादाराचे पैसे आपण जितक्या दिवसांनी देतो, तेवढे दिवस वजा करावेत. उरेल ती रोकडचक्राची लांबी. हे उत्तर उणेही येऊ शकते. महिन्याचे पैसे आगाऊ घेणारा आणि वाण्याचे बिल महिनाअखेर चुकवणारा खानावळवाला आपल्याला आपल्याच पैशांवर जेवू घालत असतो!

या गणिताचे बोलके उदाहरण म्हणजे डेल ही अमेरिकन संगणक कंपनी. मायकेल डेल यांनी १९८४ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, विद्यापीठात शिकत असतानाच, एक हजार डॉलर भांडवलावर ती सुरू केली. ग्राहकाची मागणी आली की तिच्याप्रमाणे संगणक जोडून थेट त्याच्याकडे पाठवायचा, ही तिची मुख्य पद्धत. जानेवारी १९९३ अखेरच्या वर्षात तिची विक्री ८९ कोटी डॉलरवरून २०१ कोटींवर गेली. पण विक्री वाढली की आधी माल भरावा लागतो आणि मागाहून उधारी वाढते. वाढीनेच रोकड गिळून टाकली. त्यात काही नवी यंत्रे फसली आणि पुढच्या वर्षी ३.६ कोटी डॉलरचा तोटा झाला. तेव्हा कंपनीने क्रम बदलला: आधी रोकड, मग नफा, मग वाढ. १९९४ मध्ये किरकोळ दुकानांतून विक्री करणेही तिने सोडून दिले.

परिणाम आकड्यांतच पाहावा. जानेवारी १९९६ च्या सुमारास तिच्याकडे ३१ दिवसांचा माल पडून असे, ग्राहकांची येणी ४२ दिवसांची होती आणि पुरवठादारांची देणी ३३ दिवसांची. म्हणजे चक्र ४० दिवसांचे. दोनच वर्षांनी हे आकडे अनुक्रमे ७, ३६ आणि ५१ झाले, आणि चक्र उणे ८ दिवसांवर आले. या काळात वार्षिक विक्री ५३० कोटी डॉलरवरून १२३३ कोटींवर गेली. साठा मात्र ४२.९ कोटींवरून २३.३ कोटींवर उतरला. संगणकाचा सुटा भाग म्हणजे जवळजवळ भाजीपालाच. पडून राहिला की त्याची किंमत उतरते. त्यामुळे कमी साठ्याचा फायदा दुहेरी झाला.

‘डेलचे ग्राहक आधी पैसे देत, म्हणून हे जमले,’ असे पुष्कळदा सांगितले जाते. आकडे तसे म्हणत नाहीत. तिचे बहुतेक मोठे ग्राहक कंपन्या आणि सरकारी कार्यालये होती, आणि ती उधारीवरच घेत. एकूण ४८ दिवस वाचले. त्यांपैकी २४ साठ्यातून आले, ग्राहकांकडून केवळ ६; आणि उरलेले १८ पुरवठादारांना अधिक थांबवून मिळाले. साठ्यातील काही बचतही अशीच होती, कारण पुरवठादार आपला माल डेलच्या कारखान्याजवळ स्वतःच्या खर्चाने ठेवीत. काटकसरीने वाचवलेला दिवस आणि दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलेला दिवस ताळेबंदात सारखेच दिसतात. पण एका बाजूचे उणे दिवस दुसऱ्या बाजूचे अधिक दिवस असतात.

डेलचे मोठे पुरवठादार बलाढ्य होते. त्यांना हे झेपले. सर्वांनाच झेपत नाही. माझे मामा एका मोठ्या कारखान्याला लेथवरचे सुटे भाग करून देतात. बिलाचे पैसे तीन-तीन महिने येत नाहीत. कामगारांचा पगार ते बँकेच्या कॅश क्रेडिटवर भागवतात आणि व्याज स्वतः भरतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लहान पुरवठादाराचे पैसे, करार काहीही असो, ४५ दिवसांपलीकडे थांबवता येत नाहीत. थांबवल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पण मामा म्हणतात, “तक्रार केली तर पुढची ऑर्डर कोण देईल?”

उणे चक्राला आणखी एक मर्यादा आहे. विक्री वाढत असते तोवर दुसऱ्यांचा पैसा हाती येत राहतो. ती घटली की जुनी देणी समोर उभी राहतात आणि नवी रोकड आटते. तेव्हा एखाद्या कंपनीची कार्यक्षमता वाखाणताना तिचे दिवस कुठून वाचले, हेही विचारावे. गोदामातून वाचले असतील तर खुशाल कौतुक करावे. लहान पुरवठादाराच्या घरातून वाचले असतील, तर त्याला कार्यक्षमता म्हणू नये. ती बिनव्याजी उसनवारी आहे.