घाटातलं हिरवं सगळं चारा नसतं

पोळा आणि दुसऱ्या दिवशीची गोटमार, यासाठी बाहेरगावी असलेली आपल्या समाजाची घरं पांढुर्णा-सौंसरकडे येतात, तेव्हा डोंगर हिरवागार असतो. सौंसरहून छिंदवाड्याकडे सिल्लेवानी घाट चढताना मुलं विचारतात, एवढं गवत असताना उन्हाळ्यात चारा विकत का घ्यावा लागतो? प्रश्न रास्त आहे.

छिंदवाडा सुमारे ६७५ मीटर उंचीवर, तर सौंसर त्याच्या तीनशेएक मीटर खाली. दर १००० मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे आपल्या घाटात फरक जेमतेम दोन अंशांचा. हिमालयातल्या उंच कुरणांत बर्फ वितळल्यावरच गवत उगवतं. तिथे थंडी ठरवते. आपल्याकडे माती आणि ओल ठरवते. उतारावर पाणी थांबत नाही, मुरमावर माती थोडी, म्हणून पाऊस सरला की गवत लवकर वाळतं. खालच्या काळ्या मातीत ओल टिकते, पण ती वावरं पऱ्हाटी आणि संत्र्यांची. ढोरांच्या वाट्याला उरतो उतार. जिथे गवताची सावरायची ताकद कमी, तिथेच जास्त तोंडं लागतात.

चराई म्हणजे नुकसानच, असं मात्र नाही. कोवळ्या गवताची वाढ शेंड्यातून नव्हे, बुडख्यातून होते. म्हणून वरचं पान खाल्लं तरी ते पुन्हा फुटतं, बेताने चरलं तर फुटवेही वाढतात. पण आषाढापासून रोज तेच ठोंब खुरटले तर मुळं खंगतात आणि बी धरायला वेळच मिळत नाही. त्यातून ढोरं निवडून खातात. मारवेल, शेडा आधी संपतात. मग कुसळी पसरते. ती कोवळी असताना ढोरं खातात, पण कुसळं आली की तोंडाला टोचते. त्याच्याही पुढे तरोटा येतो, त्याला कोणी तोंड लावत नाही. लांबून तोही हिरवाच दिसतो!

मध्य भारत आणि दख्खनच्या गवताळ भागाला अभ्यासक शेडा-मारवेलीचाच पट्टा म्हणतात. हलक्या खाण्यावर ओढकामाला तयार होणारा गवळाऊ बैल याच भागातला. वर्धा, नागपूर, छिंदवाडा हे त्याचं घर. आता कितीतरी घरी पोळ्याला पूजेपुरताही बैल नाही.

उपाय नवा नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चराईबंदी केली, पण विळ्याने कापून नेऊ दिलं. आपल्याकडेही उताराचा एखादा तुकडा पावसाळाभर राखावा, फुलोऱ्याला कापावा आणि मधे पट्टे बियांसाठी सोडावेत. उशीर केला तर वजन मिळतं, कस जातो.

अडचण गवताची कमी, माणसांची जास्त. ज्यांच्याकडे कुटार-कडबा आहे त्यांना बंदी सोपी वाटते. चार शेळ्यांवर घर चालवणारी बाई आणि गावची ढोरं राखणारा गायकी यांनी त्या चार महिन्यांत कुठे जायचं, हे आधी ठरलं पाहिजे. आम्ही बैठकीत हा विषय काढला की बोलणं तुकडा कोणता राखायचा, यावरच अडतं. यंदा पोळ्याला सगळे गावी असतील, तेव्हा या दोघांना समोर बसवूनच ते ठरवू.