तागाचा धागा, प्लॅस्टिक आणि शेतकरी

प्लॅस्टिकला वनस्पतीचे बळ देण्याची कल्पना नवी नव्हे. १९०७ साली लिओ बेकलंड यांनी शोधलेल्या बेकेलाइटचा ठिसूळपणा लाकडाच्या पुडीने कमी केला जाई. पूर्व जर्मनीच्या ट्राबांट मोटारीचे बाह्यांग तर पोलादाच्या टंचाईपायी फिनॉलिक राळ आणि टाकाऊ कापूस यांपासून घडविले जात होते. आज ताग, अंबाडी व अळशी यांच्या धाग्यांकडे लक्ष वळले आहे, ते मुख्यतः काचेच्या धाग्याला पर्याय म्हणून.

या पर्यायाचे बळ हलकेपणात आहे. तागाच्या धाग्याची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १.४५ ग्रॅम, तर काचेच्या धाग्याची सुमारे २.५ ग्रॅम. ताणशक्तीत ताग काचेच्या बराच मागे आहे. परंतु वजनाच्या प्रमाणात ताठरपणा मोजला, तर हे अंतर पुष्कळ कमी होते. मोटारीच्या दारांच्या आतील अस्तरासाठी असे मिश्रद्रव्य वापरले जाते, ते यामुळेच.

तथापि निसर्गाने दिलेल्या या धाग्याच्या मर्यादाही नैसर्गिक आहेत. सेल्युलोज पाणी शोषून घेते, पॉलिप्रॉपिलीन पाण्याला दूर सारते. साहजिकच दोहोंची पकड सैल राहते आणि दमट हवेत धागा फुगतो. धागा कॉस्टिक सोड्याने धुणे किंवा दोहोंना जोडणारे रसायन मिसळणे, हे त्यावरील उपाय होत. शिवाय सुमारे २०० अंश सेल्सिअसपुढे धागा करपू लागतो. म्हणून कमी तापमानाला वितळणारे प्लॅस्टिकच निवडावे लागते. वाळवणे, धुणे, जोडणे या प्रत्येक टप्प्याला खर्च आहे. शेतातला स्वस्तपणा कारखान्याच्या दारापर्यंत टिकतोच असे नाही.

खरा प्रश्न येथेच उपस्थित होतो. कारखानदाराला एकसारखा माल हवा असतो. धाग्याचा दर्जा मात्र पाऊस, कापणी आणि ताग कुजविण्याचे पाणी यांनुसार बदलतो. १९८७ च्या कायद्याने धान्य व साखरेच्या वेष्टनासाठी तागाला हक्काची बाजारपेठ दिली. मिश्रद्रव्याच्या बाजारात असे संरक्षण नाही. तेथे दर्जाच निर्णायक ठरेल. केळीचे घड उतरल्यावर जळगावच्या शेतांत उरणाऱ्या खांबांनाही हाच न्याय लागू आहे.

पॉलिप्रॉपिलीनमध्ये ताग घातला म्हणून ते मातीत विरून जात नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तेव्हा पर्यावरणाच्या घोषणांपेक्षा गावपातळीवर धाग्याची प्रतवारी आणि दर्जानुसार भाव यांची व्यवस्था अधिक निकडीची आहे. तिच्याअभावी नफा कारखान्यात जमा होईल आणि जोखीम तेवढी शेतकऱ्याच्या पदरी पडेल.