गडावरच्या रस्त्यात सायकलची वाट

पन्हाळा हा किल्ला असला तरी नांदतं गाव आहे. २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. तटाच्या आतले रस्ते मनासारखे रुंद करता येत नाहीत. आहे तीच जागा नीट वाटावी लागते.

समजा, रस्ता ६ मीटरचा आहे. दोन्ही कडांना मोटारी लावल्या, तर सुमारे ४ मीटर त्यांतच जातात. उरलेल्या पट्ट्यात मोटारीचं दार अचानक उघडलं, की सायकलस्वार थेट त्यावर आदळू शकतो. पार्किंग एकाच बाजूला ठेवलं, तर ४ मीटर मोकळे राहतात.

मोकळी बाजू चढणाऱ्यांची असावी, कारण चढावर वेग मंदावून सायकल डोलते. रहिवाशांना घराजवळ जागा द्यावी, पर्यटकांच्या गाड्या वाहनतळावर थांबवाव्यात. गडावरच्या मुलांना शाळेपर्यंत निर्धास्त सायकल चालवता आलीच पाहिजे.