खर्ड्यातला म्हातारा

जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीच्या पहिल्या पानावर एक म्हातारा होता. छापील पुस्तकात तो सापडत नाही. तो सापडतो हस्तलिखितात.

या हस्तलिखिताची हुबेहूब प्रतिकृती पीटर डेव्हिसन यांनी संपादित केली आणि ती नेमकी १९८४ साली छापून आली. उरलेली पानं अंतिम मजकुराच्या साधारण ४४ टक्केच भरतात, पण कारागिराचा हात ओळखायला तेवढी पुरतात. ग्रंथ एवढा मोठा, की मांडीवर घेऊन वाचता येत नाही. टेबलावर उघडून ठेवायचा आणि खोडलेल्या ओळींवरून बोट फिरवत सावकाश जायचं. काही पानं टंकलेली आहेत, काही हाताने लिहिलेली. बऱ्याच ठिकाणी टंकलेल्या ओळींवर शाईने इतकं लिहिलंय, की खालचा मजकूर जवळजवळ बुजून गेलाय.

आता तो म्हातारा. खर्ड्यात कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ इमारतीत शिरतो, लिफ्टचं बटण दाबतो, काहीच होत नाही. पुन्हा दाबतो. तेवढ्यात बोळाच्या टोकाचं दार उघडतं, उकडलेल्या भाजीचा आणि जुन्या चिंध्यांच्या पायपुसण्यांचा वास येतो. त्या वासामागून इमारतीच्या राखणदाराचं सुरकुतलेलं डोकं बाहेर येतं. तो दात चोखत विन्स्टनकडे खुनशी नजरेनं बघत राहतो आणि लिफ्ट बंद असल्याचं सांगतो.

छापील पुस्तकात यातला वास तेवढा उरलाय. लिफ्टच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही, दिवसा वीज बंद असते, हे लेखकच दोन वाक्यांत सांगून टाकतो. आणि दालनाच्या टोकाला भिंतीवर ठोकलेलं आहे एक अवाढव्य चित्र: मोठ्या मिशांचा चेहरा, बघणाऱ्याचा पाठलाग करणारे डोळे. डोळे रोखून पाहणारा माणूस गेला आणि डोळे रोखून पाहणारा कागद आला. म्हाताऱ्याशी निदान भांडता तरी आलं असतं.

त्याच पानावर आणखी एक बदल आहे. खर्ड्यात तेराचे ठोके देतात ते लाखो रेडिओ. छापताना तिथे घड्याळं आली. रेडिओ म्हटलं की त्यामागे कुणीतरी बोलणारा आला, सरकार आलं. घड्याळ प्रत्येकाच्या घरातलं, त्याच्यावर कुणी शंका घेत नाही. त्यानेच तेरा वाजवले, की वाचकाच्या पायाखालची जमीन सरकते.

सालाचंही तसंच. १९४८ चे शेवटचे दोन आकडे उलटे करून ऑर्वेलने १९८४ केलं, ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. हस्तलिखितात मात्र आधी १९८० आहे, मग १९८२ आणि मग १९८४. लिखाण लांबत गेलं तसं सालही पुढे सरकलेलं दिसतं.

काळ्या भविष्याची कादंबरी लिहिणारा माणूस कल्पनेचे घोडे चौखूर सोडत असेल, अशी आपली समजूत असते. ही पानं वाचताना ती टिकत नाही. दिवसा वीज बंद ठेवण्याची योजना ऑर्वेलला सुचलेली नव्हती, त्याने ती सोसलेली होती. १९४७ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कोळसा पोहोचेना, म्हणून लंडनसह ब्रिटनच्या मोठ्या भागात घरांची वीज दिवसातले कित्येक तास बंद ठेवली गेली. ऑर्वेल तेव्हा इस्लिंग्टनमध्ये कॅननबरी स्क्वेअरच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहत होता. छाती अधू, आणि सरपण जिन्यावरून वर न्यायचं. युद्धात ज्या पावावर रेशन नव्हतं, त्यावर ते युद्ध जिंकल्यानंतर, १९४६ मध्ये आलं. कादंबरीतला 'विजय' नावाचा इमला, 'विजय' नावाची बेचव दारू यांतला उपरोध त्या वर्षांच्या रांगांत उभं राहून आलेला आहे.

विन्स्टनची नोकरीही अशीच हाताखालून गेलेली. ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ ऑर्वेल बीबीसीच्या पूर्व विभागात हिंदुस्थानासाठी कार्यक्रम करत होता. प्रत्येक संहितेवर दोन मंजुऱ्या लागत, एक धोरणाची आणि एक सुरक्षेची. प्रक्षेपण चालू असताना एक माणूस बटणाशी बसे. मंजूर मजकुराबाहेर शब्द गेला, की आवाज तोडायचा. ऑर्वेल इंग्रजीत वार्तापत्रं लिही आणि ती मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांत उतरवली जात. मराठीच्या कामात वेणू चितळे होत्या. पुढे १९५० मध्ये 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिणाऱ्या त्या याच. आपण लिहिलेली बातमी आपल्याला न कळणाऱ्या भाषेत, दुसऱ्याच्या तोंडून जाते; आणि ज्यांच्यासाठी जाते त्यांतल्या फार थोड्यांकडे रेडिओ आहे, हेही हळूहळू कळतं. अशा दोन वर्षांतून विन्स्टन जिथे नोकरी करतो ते 'सत्य मंत्रालय' उभं राहायला कल्पनेचे फार कष्ट पडले नसावेत. पूर्व विभागाच्या समितीच्या बैठका ज्या खोलीत होत, तिचा क्रमांकही कादंबरीतल्या छळाच्या खोलीसारखा १०१ च होता.

बातम्यांच्या भाषांतराचं काम मीही काही वर्षं केलंय. डाव्या हाताला इंग्रजी मजकूर, समोर घड्याळ. सकाळच्या बातमीपत्रातला मृतांचा आकडा दुपारी बदलला, की जुना कागद फायलीतून काढायचा आणि नवा लावायचा. संध्याकाळपर्यंत सकाळचा आकडा काय होता, हे टेबलावरच्या कुणालाही सांगता येत नसे. यात कुणाची लबाडी नव्हती, कामाची रीतच तशी होती. त्यामुळे विन्स्टन जुने अंक दुरुस्त करून मूळ कागद भिंतीतल्या भोकात टाकतो, ते मला कधी अद्भुत वाटलं नाही. ऑर्वेलने त्यात घातलेली भर एवढीच, की या रीतीला त्याने एक हेतू दिला.

वाचनानेही साहित्य पुरवलं. रशियन लेखक येव्गेनी झाम्यातिन याची 'वी' ही कादंबरी ऑर्वेलने फ्रेंचमधून वाचली आणि जानेवारी १९४६ मध्ये 'ट्रिब्यून'मध्ये तिच्यावर लिहिलं. अमेरिकी लेखक जेम्स बर्नमच्या लिखाणातून तीन महासत्तांत वाटलेलं जग आलं. दोस्त राष्ट्रांच्या १९४३ च्या तेहरान परिषदेने त्या वाटणीला चेहरा दिला.

पण उसनं साहित्य आणि स्वतःचा अनुभव एकत्र आला, म्हणजे कादंबरी होत नाही. ती झाली जुरा या स्कॉटिश बेटावर, बार्नहिल नावाच्या एकाकी घरात. वीज नाही, दिवे रॉकेलचे. त्याची तिथली रोजनिशी वाचली तर जुलमी राजवटीचा मागमूस नाही. हवा कशी होती, रॉकेल किती उरलं, कोंबड्यांनी किती अंडी दिली, एवढंच. पहिला खर्डा १९४७ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी झाला आणि डिसेंबरात क्षयामुळे ऑर्वेल ग्लासगोजवळच्या हेअरमायर्स रुग्णालयात पोहोचला. तिथे त्याला स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध अमेरिकेहून मागवून दिलं. त्वचा सोलली, तोंड आलं, केस आणि नखं गळू लागली. उपचार थांबवावे लागले. जुलै १९४८ मध्ये तो बेटावर परतला आणि सगळी कादंबरी पुन्हा लिहून काढली. आरशात स्वतःचं खंगलेलं शरीर पाहणारा विन्स्टन वाचताना हा क्रम लक्षात ठेवावा. शेवटी बेटावर यायला टंकलेखक मिळेना, तेव्हा आजारी लेखकानेच, बराचसा वेळ अंथरुणात बसून, सगळी संहिता टंकली. डिसेंबरात ती रवाना झाली, ८ जून १९४९ ला पुस्तक आलं आणि २१ जानेवारी १९५० ला ऑर्वेल गेला.

या माणसाने एक सौदा मात्र नाकारला. अमेरिकेतल्या एका मोठ्या ग्रंथमंडळाने पुस्तक घेण्याची तयारी दाखवली. अट अशी, की कथेत विन्स्टन वाचतो तो बंदी घातलेला लांबलचक ग्रंथ आणि शेवटचं भाषेवरचं परिशिष्ट गाळायचं. पैसा मोठा होता, आजार त्याहून मोठा. तरी त्याने नकार दिला आणि मंडळानेही पुढे पुस्तक आहे तसंच घेतलं. ते परिशिष्ट साध्या, धड इंग्रजीत आणि भूतकाळात लिहिलंय. म्हणजे ती राजवट कधीतरी संपली आणि मागे कुणीतरी अभ्यासक तिच्याबद्दल शांतपणे लिहितोय. मार्गारेट अ‍ॅटवुडने ही खूण अचूक हेरली. तिच्या १९८५ च्या 'द हँडमेड्स टेल'च्या शेवटीही अशीच एक विद्वत्सभा भरते. माणसांनी कुठे ना कुठे केलेलं नाही असं काहीच पुस्तकात घालायचं नाही, हा तिने स्वतःला घातलेला नियमही ऑर्वेलच्या रीतीला धरूनच आहे.

खर्ड्यातून काय गाळलं हे आपण पाहिलं. परिशिष्ट गाळायला नकार देणं हाही त्याच हाताचा निर्णय. राखणदाराला एका फटक्यात उडवणाऱ्या ऑर्वेलने ज्या पानांत भीतीचा लवलेश नाही, कथानक नाही, ती पानं मरणाच्या दारात बसून राखली. काळं भविष्य लिहिणाऱ्याला अंधार किती दाखवायचा हे ठरवावं लागतंच. त्या अंधाराबद्दल भूतकाळात बोलू शकणारा माणूस पुस्तकात कुठे बसवायचा, हे ठरवणं त्याहून अवघड.