कानांनी पाहावे असे चौल

सोलापुराहून पुणे, खोपोली, पेण, अलिबाग या वाटेने चारशे किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापले की चौल येते. दुतर्फा नारळी-पोफळीच्या वाड्या, उतरत्या छपरांची घरे, मधून अरुंद रस्ता. गाडीतून उतरलेल्या मुलांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, ‘बंदर कुठे आहे?’ दाखवावे असे बंदर आता तेथे नाही. कुंडलिकेच्या खाडीत गाळ साचत गेला, मोठी गलबते येईनाशी झाली, व्यापार मुंबईकडे वळला आणि दूरदूरच्या देशांतील व्यापारी ज्याचे नाव घेत होते ते ठिकाण बागायतीचे शांत गाव होऊन राहिले.

नाव मात्र फार जुने. पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात ते ‘सेमिल्ला’ म्हणून येते. कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांच्या गावांमध्ये ‘चेमुल’ आहे. अरबांनी त्याला ‘सैमूर’ म्हटले. इ. स. 915च्या सुमारास येथे आलेल्या अल-मसुदीने सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून येऊन स्थायिक झालेल्यांची मोठी वस्ती येथे पाहिली. एवढ्या इतिहासातून आज डोळ्यांसमोर उरते ते थोडेच : पडक्या भिंती, एक उंच मनोरा, काही देवळे. म्हणूनच चौल-रेवदंडा हा परिसर पाहण्याहून ऐकण्याचा अधिक आहे, आणि ध्वनिमार्गदर्शक, म्हणजे आपण प्रचारात ‘ऑडिओ गाइड’ म्हणतो ते साधन, अशा जागी खरे उपयोगी पडते.

या साधनाचा जन्म 1952 साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात झाला. तेथे प्रेक्षकांच्या हाती छोटे रेडिओ-ग्राहक यंत्र दिले जाई आणि ध्वनिफितीवरील व्याख्यान सर्वांना एकाच वेळी ऐकू येई. त्यामुळे सगळा घोळका एकाच चित्रापुढे एकदम थांबे आणि एकदम पुढे सरके! आता प्रत्येकाच्या खिशातला मोबाइलच ते काम करतो. ज्याला थांबायचे त्याने थांबावे, ज्याला तोच भाग पुन्हा ऐकायचा त्याने पुन्हा ऐकावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मराठीतून असे मार्गदर्शन मिळते. ज्या समाजात गृहस्थाला ‘श्रावक’, म्हणजे ऐकणारा, असे नाव आहे त्याला ऐकून शिकण्याची महती निराळी सांगण्याची गरज नाही.

मात्र ऐकवायचे काय, हा प्रश्न उरतो. किल्ल्यांच्या कहाण्या बहुधा लढायांच्या असतात. चौलच्याही आहेत. 1508 साली येथील पाण्यात पोर्तुगीज आरमाराचा पराभव होऊन त्याचा तरुण नायक मारला गेला, 1570-71 साली निजामशाही फौजेने रेवदंड्याला वेढा घातला, 1740 साली हा मुलूख मराठ्यांच्या हाती आला. हे सांगितलेच पाहिजे, पण ते दोन मिनिटांत आटोपते. गाव वसले आणि वाढले ते व्यापारावर, आणि तोच भाग भिंतींवर लिहिलेला नसतो.

सोलापूरच्या बाजूचा श्रोता येथे परका नाही. दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज अधिकारी सोळाव्या शतकाच्या आरंभी चौलविषयी लिहिताना सांगतो की, डिसेंबर ते मार्च हे चार महिने येथे मोठी उलाढाल चाले. घाटावरचे व्यापारी बैलांचे तांडे घेऊन उतरत. बैलांच्या पाठीवर आडव्या टाकलेल्या लांब गोण्यांत माल भरलेला असे, आणि एकेक माणूस वीस-तीस बैल हाकीत असे. वरून धान्य आणि सुती कापड यायचे. खालून तांबे, पारा, हिंगूळ आणि मलबारकडील नारळ-सुपारी वर जायची. या तांड्यांच्याही पुष्कळ आधी, ‘पेरिप्लस’च्या काळात, आज धाराशिव जिल्ह्यात असलेले तेर हे ‘तगर’ नावाने कापडासाठी विख्यात होते. ग्रंथकाराने तेथील माल गाड्यांवरून भडोचकडे जातो असे नोंदवले आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पॉम्पेईच्या अवशेषांत मिळालेल्या मूर्तीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. चौलला निघण्यापूर्वी एक रविवार तेरच्या संग्रहालयासाठी काढला, तर किनाऱ्यावर जे ऐकायचे त्याचे पहिले प्रकरण घराजवळच ऐकून होते.

चौलमध्ये प्रारंभ रामेश्वराच्या देवळापासून करावा. पुढची पुष्करिणी, सभामंडपातील झाकलेली कुंडे आणि अवर्षणात पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा यांविषयी गावकरी सांगतात ते त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखे आहे. हिंगुळजेची टेकडी आणि तेथील लेणी, दत्ताच्या डोंगराच्या शेकडो पायऱ्या हे सकाळच्या गारव्यात उरकावे. वरच्या चौलातील राजकोट आणि हमामखाना यांच्यापाशी निजामशाहीतील शहर कानांत उभे करावे लागते. डोळ्यांना तेथे झाडोरा आणि चुन्याच्या भिंतीच दिसतात.

रेवदंड्याच्या तटाआत गेले की मनोरा दिसतो. त्याचे नाव सातखणी, पण वरचे खण केव्हाच ढासळले आहेत. फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा हा अवशेष. याच गावात शाळेच्या आवारात अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचा स्मृतिस्तंभ आहे. व्यापारी घरातील मुलांना या माणसाची गोष्ट सर्वांत अधिक आवडेल. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो होर्मुझहून एक घोडा घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला, तेथून जुन्नर आणि बीदरला गेला. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देईन असे बजावले. एका ओळखीच्या मुसलमान सद्गृहस्थाने मध्यस्थी करून तो सोडवला. पुढे घोडा विकला जाईपर्यंत त्याच्या पोटापाण्यावर झालेला खर्च निकितिनने टिपून ठेवला आहे. मिरी आणि रंग येथे स्वस्त, पण आपल्या देशात खपेल असा माल नाही आणि जकात भारी, अशी त्याची तक्रार आहे. पाचशे वर्षांपूर्वीची ही टिपणे आजच्या पेढीवरच्या माणसालाही ओळखीची वाटतील.

चौलच्या रेशमी विणकामाची कीर्तीही अशीच ऐकूनच समजायची. विणकर सतराव्या शतकात मुंबईकडे जाऊ लागले, आणि माग थांबला की त्याचा अवशेष उरत नाही. बेने इस्रायली यहुद्यांचेही तसेच. तेलघाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना कोकणाने ‘शनवार तेली’ म्हटले. रेवदंड्यात त्यांचे प्रार्थनामंदिर आहे, पण बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. खाडीपलीकडच्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली ‘नौ लिंग’ ही बोली अजून घरात बोलली जाते, आणि तिचे बोलणारे हजाराहूनही कमी आहेत. भिंत पडली तरी तिचे छायाचित्र राहते. बोली थांबली की ती केवळ मुद्रित आवाजातच सापडते. अशा गावात ध्वनिमुद्रण हे प्रवाशाच्या सोयीपेक्षा मोठे काम आहे.

हे काम कुटुंबालाही करता येते. आठ-दहा थांबे ठरवावेत. प्रत्येकासाठी दोन-अडीच मिनिटे, म्हणजे सुमारे तीनशे शब्द पुरतात. त्याहून लांबले की मुले पुढे पळतात. मजकूर लिहून काढावा आणि घरच्याच कोणाच्या आवाजात मोबाइलवर मुद्रित करावा. आजोबांचा खाकरा मध्येच आला तर तो पुसू नये. नेटवर्कचा भरवसा न धरता सर्वांच्या मोबाइलवर फायली आधीच उतरवून घ्याव्यात. एक दक्षता मात्र कसोशीने पाळावी : जे ग्रंथांत किंवा शिलालेखांत आहे त्याला ‘असे लिहिले आहे’ म्हणावे, जे गाव सांगते त्याला ‘असे सांगतात’ म्हणावे. रोकड आणि उधारी एकाच रकान्यात मांडत नाहीत, तसेच हे. गावातील कोणाचा आवाज मुद्रित करायचा तर आधी परवानगी घ्यावी आणि नंतर त्याची प्रत त्यांना पाठवावी. आणि चालताना एक कान मोकळा ठेवावा. वाडीतून नारळ उतरवणारा गडी जे सांगेल ते कोणत्याही फायलीत नसते.

सोलापूरकरांच्या मुद्रणात रेवदंड्याच्या किनाऱ्यावरचा थांबा वालचंद हिराचंदांसाठी असावा. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात 1882 साली जन्मलेल्या या माणसाने, घाटावरचा असूनही, समुद्राचा धंदा निवडला. सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाली आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

जायचे तर चातुर्मास संपल्यावर, बार्बोसाच्या तांड्यांच्याच महिन्यांत, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास जावे. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्ताच्या डोंगरावर जत्रा असते, तेव्हा गर्दीची तयारी ठेवावी. त्या दिवसांत सूर्य लवकर मावळतो, म्हणून संध्याकाळच्या जेवणाचा डबा बरोबर असलेला बरा. तो किनाऱ्यावर उघडला तर समोर कोर्लईचा डोंगर आणि खाडीचे तोंड दिसते. गलबते आत यायची ती तेथूनच.