व्हिसाचा राग आणि बाबासाहेबांचं पत्र

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलर फी लावली, तेव्हापासून आमच्या विरार लोकलच्या आयटीवाल्या ग्रुपवर दुसरा विषयच नाही. राग मलाही आहे, मीही कोडच लिहितो. पण अमेरिकेचं दार आपल्यासाठी उघडलं कसं?

१९२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांना सांगितलं, तुम्ही 'गोरे' नाही, नागरिकत्व मिळणार नाही. १९४६ मध्ये कायदा बदलला, तरी भारताचा कोटा वर्षाला फक्त १०० माणसांचा. (आपल्या लोकलच्या एका डब्यात याहून जास्त असतात!) ते कोटे गेले १९६५च्या कायद्याने. आणि त्यासाठीचं वातावरण तयार केलं कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने. मार त्यांनी खाल्ला, व्हिसा आपल्याला मिळाला.

आपल्याकडे हे नातं काहींनी फार आधी ओळखलं होतं. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना. १९४६ मध्येच बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉईस यांना पत्र लिहिलं. अस्पृश्यांची आणि तुमची स्थिती फार सारखी आहे, युनोकडे केलेल्या तुमच्या अर्जाच्या प्रती पाठवा. ड्यू बॉईस यांनी आपुलकीने उत्तर दिलं.

हे मी ग्रुपवर टाकलं. एरवी व्हिसावर धडाधड मेसेज पडतात. यावर एकच आला : "यार, इथे जात नको."

पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ड्यू बॉईस संग्रहात ऑनलाइन आहे. छोटंसंच आहे, नालासोपारा ते वसई वाचून होईल.